परतला नाही, एवढंच ठाऊक: लढाऊ वैमानिक ‘बेपत्ता’ होतो म्हणजे काय

२७ जून १९१८. फ्रान्सच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या २३ नंबरच्या स्क्वाड्रनची सॉपविथ डॉल्फिन विमानं उडाली. त्यातलं एक मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर चालवत होता. वय २३, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकलेला, पहिल्या महायुद्धात लढाऊ विमानं उडवलेल्या मोजक्या चार भारतीयांपैकी एक. त्याचं विमान परत आलं नाही. त्या संध्याकाळी स्क्वाड्रनला त्याच्याबद्दल लिहिण्यासारखा एकच शब्द होता: बेपत्ता. तो तेव्हा जिवंत होता, जखमी अवस्थेत जर्मनांच्या कैदेत होता. ३० जूनला तो तिथेच गेला. फ्रान्सच्या सोम भागात हँगार गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.

त्या चौघांपैकीच दुसरा, एरल चंदर सेन, १४ सप्टेंबर १९१७ ला असाच उडाला आणि परतला नाही. तोही बेपत्ता. तो मात्र युद्ध संपेपर्यंत जर्मन कैदेत राहून जिवंत बाहेर आला.

दोघांच्या नावापुढे तोच शब्द. एक मेलेला, एक जगलेला. बेपत्ता हे त्या माणसाच्या अवस्थेचं नाव नाहीच, आपल्याला किती माहीत आहे त्याचं ते नाव आहे. शोधमोहीम, कैद्यांची कार्डं, कायद्यातली सात वर्षं, डीएनए, यातलं सगळं या एका गोष्टीतून निघतं, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

किनाऱ्यावरच्या माणसांना ती फार समजवावी लागत नाही. मालवणात आमच्या वाडीत एक आजी आहेत. त्यांचा धाकटा भाऊ ट्रॉलरवर खलाशी होता. वादळात बोट गेली, बाकीच्यांचे देह मिळाले, त्याचा मिळाला नाही. १९७१ च्या बेपत्ता वैमानिकांबद्दल मी एकदा त्यांच्या पडवीत बसून बोलत होतो. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “गेलो म्हणान सांगूक कोण नाय, येतलो म्हणान सांगूक पण कोण नाय. मगे घरच्यांनी करूचा काय?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. नंतर वाचून, विचारून जे कळलं ते इथे लिहितो आहे.

वैमानिकच का हरवतो

पायदळातला जवान पडतो तेव्हा शेजारी कुणीतरी असतं. बोट बुडते तेव्हा निदान तिच्यावर किती माणसं होती ते माहीत असतं. लढाऊ विमानात बहुतेक वेळा एकटा माणूस असतो, आणि तो आपल्या देशाच्या नजरेबाहेर गेलेला असतो.

वेगाचा हिशोब करून बघा. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. रत्नागिरी ते मालवण सरळ रेषेत जेमतेम १०० किलोमीटर, हे अंतर असं विमान सात मिनिटांत तोडतं. सोबतच्या विमानातल्या वैमानिकाने दहा सेकंद मान वळवून स्वतःच्या मागे शत्रू आहे का ते पाहिलं, तर तेवढ्यात दोघं अडीच किलोमीटर पुढे गेलेले असतात. तो परत बघतो तर शेजारी कुणी नाही. खाली धूर दिसतो, पण तो विमानाचा की तोफेचा, सांगता येत नाही. पॅराशूट उघडलेलं दिसलं नाही, याचा अर्थ ते उघडलंच नाही असा होत नाही. थांबून घिरट्या घालून बघावं तर इंधन मोजकं आणि खालून गोळ्या. त्यात असे हल्ले रडार चुकवायला जमिनीलगत उडून करतात, आणि रेडिओवर बोलणं टाळतात. शेवटचा शब्दही कुणाच्या कानावर पडत नाही.

इजेक्शन सीटने आणखी एक पेच घातला. वैमानिक बाहेर फेकला जातो तेव्हा विमान एकीकडे जातं, पॅराशूट वाऱ्याबरोबर दुसरीकडे. दोघांमध्ये काही किलोमीटर पडू शकतात. विमानाचे अवशेष सापडले आणि कॉकपिट रिकामं निघालं, तर प्रश्न सुटत नाही, वाढतो.

मग हवाई दल काय करतं? चौकशी बसवतं. सोबतचे वैमानिक काय पाहिलं ते सांगतात, रडारवरची शेवटची खूण पाहतात, शत्रूच्या रेडिओवर काय ऐकू आलं ते जुळवतात. पुरावा भक्कम असेल तर ‘मारला गेला’, शत्रूने कैदी म्हणून कळवलं तर ‘युद्धकैदी’. दोन्ही नसेल तर ‘बेपत्ता’. घरी तार जायची ती या तिसऱ्या रकान्यातून.

तांबे की टोम्बे

५ डिसेंबर १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे सुखोई-७ घेऊन पाकिस्तानातल्या शोरकोटच्या विमानतळावर हल्ला करायला गेले. परतले नाहीत. लग्नाला दीड वर्षाच्या आसपास झालं होतं. पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. एका पाकिस्तानी इंग्रजी वृत्तपत्राच्या ५ डिसेंबरच्याच अंकात पाच भारतीय वैमानिक पकडल्याची बातमी होती, आणि त्यात एक नाव होतं: फ्लाइट लेफ्टनंट टोम्बे.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा लोक पटकन ओलांडून जातात. तांबे हे आपल्यासाठी अडीच अक्षरांचं साधं आडनाव. ते आधी इंग्रजीत उतरतं, तिथे त्याची दोन-तीन रूपं होतात. मग ते पकडलेला, दमलेला, कदाचित जखमी माणूस शत्रूच्या शिपायाला तोंडी सांगतो. शिपाई त्याच्या कानाला जसं ऐकू आलं तसं उर्दूत लिहितो. तिथून ते पुन्हा इंग्रजीत जातं. या प्रवासात ‘आ’चा ‘ऑ’ होणं काहीच विशेष नाही. वेलिणकर, वेलिंगकर, वेलणकर यांतला फरक आपल्याला कळतो, बाहेरच्याला कळायचं कारण नाही. हजारो कैद्यांच्या यादीत एका अक्षराने माणूस सापडतो किंवा हरवतो.

म्हणूनच युद्धकैद्यांबद्दलचे नियम नावावर थांबत नाहीत. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याने सांगायच्या गोष्टी चारच आहेत: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सेवा क्रमांक. सेवा क्रमांकाला भाषा नसते, कुठल्याही लिपीत लिहिला तरी तो तोच राहतो. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला कार्डं लिहू द्यायची असतात. एक घरी जातं, एक जिनिव्हाला रेडक्रॉसच्या शोध कचेरीत. पहिल्या महायुद्धात रेडक्रॉसने अशी सुमारे ७० लाख कार्डं जमवली होती. बेपत्ता माणसाचं नाव एका खणात, पकडलेल्या माणसाचं दुसऱ्या खणात, आणि स्वयंसेवक हाताने जोड्या लावत बसलेले.

ही व्यवस्था चालली तर काय होतं, त्याचं उदाहरण १९७१ च्याच युद्धातलं आहे. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, तेही सुखोई-७ चे वैमानिक, तांब्यांनंतर पाचच दिवसांनी, १० डिसेंबरला पाडले गेले. पकडले गेले आणि त्यांची कैदी म्हणून नोंद झाली. ऑगस्ट १९७२ मध्ये ते दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून भिंत फोडून पळाले, अफगाण सरहद्दीच्या अगदी तोंडाशी लंडी कोतलला पुन्हा पकडले गेले, तरी त्या डिसेंबरात बाकी कैद्यांबरोबर मायदेशी परतले. ज्याची नोंद झाली त्याच्याबद्दल विचारता येतं. ज्याची झाली नाही त्याच्याबद्दल समोरचा एवढंच म्हणतो, आमच्याकडे असा कुणी नाही.

तेच झालं. भारताने पाकिस्तानचे सुमारे ९३,००० कैदी परत केले. आपले नोंद झालेले कैदी आले. उरलेल्यांची यादी १९७९ मध्ये लोकसभेत मांडली गेली, आणि पुढे ५४ हा आकडा रूढ झाला: लष्कराचे ३०, हवाई दलाचे २४. सैन्याच्या मानाने हवाई दल केवढंसं असतं ते लक्षात घेतलं की २४ हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. आमच्या तुरुंगात यातलं कुणी नाही, असं पाकिस्तान सांगत आलं. २००७ मध्ये १४ नातेवाईक तिथल्या तुरुंगांत जाऊन पाहून आले. कुणी सापडलं नाही. ती वर्तमानपत्रातली एक ओळ मात्र छापलेली आहे. एखाद्या घराने अशा ओळीच्या आधारावर पन्नास वर्षं काढली तर त्यात वेडेपणा कसला? पुरावा आहेच तो, फक्त पुरेसा नाही.

समुद्रावर शोध कसा घेतात

जमिनीवर माणूस पडला तर तो तिथेच राहतो. पाण्यावर राहत नाही.

शोध घेणारे शेवटच्या ठाऊक जागेपासून सुरुवात करतात आणि दर तासाला वर्तुळ मोठं करत जातात. समजा अंदाज तासाला दोन किलोमीटरने चुकू शकतो. एका तासाने शोधायचं वर्तुळ साडेबारा चौरस किलोमीटरचं. दहा तासांनी त्रिज्या वीस किलोमीटर, आणि क्षेत्र साडेबाराशे चौरस किलोमीटरच्या वर. वेळ दहापट, पाणी शंभरपट. पहिल्या तासाला एवढं महत्त्व असतं ते यामुळे.

वाहून जाण्याची दिशा ऋतूवर ठरते. आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे ओढतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. त्यात वारा आणि भरती-ओहोटी मिसळते. आपल्या तांडेलांना हे हाताच्या ओढीवरून कळतं, तटरक्षक दल तेच संगणकावर मांडतं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज (सपाट तळाची मोठी नाव) बुडाला, तेव्हा काही देह रायगडच्या किनाऱ्यावर लागले आणि काही थेट गुजरातेत वलसाडला. बार्ज एकच होता. ओळख पटवायला डीएनए तपासावा लागला.

विमानाचं उदाहरण गोव्यासमोरचं आहे. २६ नोव्हेंबर २०२० ला नौदलाचं मिग-२९ के प्रशिक्षण विमान समुद्रात कोसळलं. एक वैमानिक वाचला. दुसरे, कमांडर निशांत सिंह, बेपत्ता. युद्ध नव्हतं, किनारा आपला, शोधायला नौदलाच्या बोटी आणि विमानं, अपघाताची जागा माहीत. तरी देह मिळायला ७ डिसेंबर उजाडला, किनाऱ्यापासून ३० मैलांवर, ७० मीटर खोल. इतकं सगळं अनुकूल असताना अकरा दिवस. मग शत्रूच्या पाण्यात पडलेल्याचं काय, याचा अंदाज करावा.

आता वैमानिकाच्या जॅकेटमधला बीकन ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतो. इस्रोने मासेमारी बोटींसाठी बनवलेलं ‘डॅट’ हे संकटसूचक यंत्रही उपग्रहालाच हाक मारतं. बोटीवर ते असेल तर बॅटरी तपासून ठेवा, आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा नंबर पाठ करा. विषय थोडा सुटला, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

खोल पाण्यात गेलेलं मिळतच नाही असं नाही, उशीर लागतो. २२ जुलै २०१६ ला बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसं झालेलं हवाई दलाचं एएन-३२ जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईसमोर ३,४०० मीटर खोल सापडलं. तळ धुंडाळणाऱ्या स्वयंचलित पाणबुडीने त्याचे फोटो काढले.

सात वर्षं, बारा वर्षं

घरच्यांनी करायचं काय, हा आजींचा प्रश्न. कायद्याचं उत्तर सात वर्षांचं आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम १०८, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १११ झालं, ते सांगतं की ज्यांच्या कानावर त्या माणसाची खबर साहजिकच आली असती, त्यांनी सात वर्षं काही ऐकलं नसेल, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. नीट वाचा. तो मेला, असं कलम म्हणत नाही. सिद्ध करण्याचं ओझं फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर ठेवतं. तो कधी मेला हेही त्यातून ठरत नाही. विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे स्पष्ट केलं: मृत्यू मानता येतो, त्याची तारीख मानता येत नाही, ती ज्याला हवी त्याने सिद्ध करावी. हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण धरलं आहे. सैन्यदलं मात्र सात वर्षं थांबलीच पाहिजेत असं नाही, चौकशीतला पुरावा पुरेसा वाटला तर आधीही मृत्यू गृहीत धरतात.

आपल्या धर्मशास्त्राने या कोड्याला फार पूर्वी हात घातला होता. बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. देह नाही म्हणून विधी अडू नये, आणि विधी झाला म्हणून घाईही झालेली नसावी.

पण घरातलं माणूस ते मानेलच असं नाही. १७६१ मध्ये पानिपतावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही, १७८३ मध्ये त्या गेल्या तोवर नाही. आणि बेपत्ता माणसाची जागा रिकामी राहिली की काय होतं ते कोकणानेच पाहिलं. भाऊ म्हणवणारा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ मध्ये तिथले सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडवून उचलून धरलं, आणि बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले. शेवटी पेशव्यांच्या फौजेने त्याला हरवलं, राघोजी आंग्र्यांनी पकडलं, आणि त्या डिसेंबरात पुण्यात त्याला मृत्युदंड झाला. पंधरा वर्षांनंतरही इतक्या लोकांनी विश्वास ठेवला, कारण भाऊ गेलेच, हे सगळ्यांना पटेल असा पुरावा पुढे आला नव्हता.

उशिरा आलेला पुरावा सगळंच बदलतो. ७ सप्टेंबर १९६५ ला स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोपय्या देवय्या मिस्टिअर विमानातून पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या विमानतळावर हल्ला करायला गेले आणि बेपत्ता झाले. तिथे काय घडलं ते पाहणारं आपल्यातलं कुणी उरलं नव्हतं. १९७९ मध्ये एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानच्या बाजूने लिहिलेल्या युद्ध-इतिहासात सापडलं की त्या दिवशी एका मिस्टिअरने पाकिस्तानचं स्टारफायटर पाडलं होतं. कितीतरी वरचढ, आवाजाच्या दुप्पट वेगाचं विमान. जुळवाजुळव झाली, तो मिस्टिअर देवय्यांचाच होता. १९८८ मध्ये, २३ वर्षांनी, त्यांना महावीर चक्र मिळालं.

कुणाचं रक्त लागतं

७ फेब्रुवारी १९६८ ला रोहतांगजवळ १०२ जणांसह हवाई दलाचं एएन-१२ हरवलं. अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना दिसले. चार देह तर सप्टेंबर २०२४ मध्ये बर्फातून निघाले, ५६ वर्षांनी. तेव्हा फाइल जुनी झाली म्हणून आशा सोडायचं कारण नाही. घरात कुणी असा परतला नसेल, तर त्याचा सेवा क्रमांक, स्क्वाड्रन, आडनावाची इंग्रजीतली सगळी रूपं एका कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या महायुद्धातला असेल तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) नोंदींत प्रत्येक रूपाने शोधा. ज्यांची कबर माहीत नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या एकाच स्मारकावर कोरलेली आहेत.

आणि डीएनए. ताज्या देहाची ओळख आईवडील किंवा मुलं यांच्या नमुन्यावरून सहज पटते. जुन्या हाडांत मात्र पेशीच्या मध्यातला डीएनए बहुधा तुटून गेलेला असतो. टिकतो तो मायटोकाँड्रियाचा, कारण त्याच्या प्रती प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतात. तो फक्त आईकडून येतो. म्हणून वैमानिकाच्या स्वतःच्या मुलाचं रक्त तिथे उपयोगी नाही, पुतण्याचं नाही, चुलतभावाचं नाही. मावशीचं चालतं, मावसभावाचं चालतं, बहिणीचं आणि तिच्या लेकीचं चालतं. आपल्याकडे नमुना द्यायला आधी पुढे होतात ते मुलगे आणि पुतणे, आणि सासरी गेलेल्या भाचीला कुणी विचारत नाही.

हे मी आजींना सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, “म्हणजे माझा रगत चलात?”

चालेल म्हटलं, आजी. तुमचं चालेल, तुमच्या लेकीचं चालेल, तिच्या लेकीचंही चालेल. तुमच्या मुलाचं चालेल, पण त्याच्या मुलांचं नाही.

“चेडू कुडाळाक आसा,” त्या म्हणाल्या. “तिका सांगून ठेवतंय.”